नर्स प्रॅक्टिशनर शोधताय? आधी उपकेंद्राची पाटी वाचा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पुण्याला, दुबईला किंवा अमेरिकेला असलेल्या मुलाचा घरी फोन येतो, ‘बाबांसाठी जवळपास कुणी नर्स प्रॅक्टिशनर बघा, दर वेळी बेळगावात जाऊन रांग कशाला लावता?’ सल्ला चुकीचा नाही. पण त्या नावाची पाटी कर्नाटकातल्या आपल्या सीमाभागात, खानापुरात, निपाणीत किंवा उचगावात हुडकत फिरलं तर पाय दुखतील, पाटी मिळायची नाही. अमेरिकेत हा पेशा १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात सुरू झाला आणि आज तिथल्या निम्म्याहून अधिक राज्यांत अशी परिचारिका डॉक्टरच्या सहीवाचून रुग्ण तपासते, औषध लिहून देते. आपल्याकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलने याच नावाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम काढला तो अतिदक्षता विभागासाठी, आणि नंतर प्रसूतीच्या कामासाठीही असं प्रशिक्षण आलं. गावातल्या बीपी-शुगरशी त्यांचा थेट संबंध नाही.

तरीही ते काम करणारी बाई आपल्या गावाजवळ बहुधा आहे. तिला म्हणतात सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. आयुष्मान भारत योजनेखाली २०१८ पासून उपकेंद्रांची, म्हणजे गावपातळीवरच्या सगळ्यात लहान सरकारी दवाखान्यांची, ‘हेल्थ अँड वेलनेस सेंटर’ झाली, २०२३ च्या अखेरीस त्यांचं नाव ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ झालं, आणि तिथे बसणारी ही परिचारिका. बी.एस्सी. नर्सिंग किंवा जीएनएम (परिचर्येची पदविका), त्यावर सामुदायिक आरोग्याचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण. (नव्या बी.एस्सी.वाल्यांना ते पदवीतच मिळतं.) लोक मात्र उपकेंद्रात दिसेल त्या प्रत्येकीला ‘सिस्टर’ म्हणतात. तिथे आणखी एक सिस्टर असते, पूर्वीची एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका). कर्नाटकात तिचं पद आता ‘प्राथमिक आरोग्य सुरक्षाधिकारी’. लसी, गरोदर बायकांची नोंद, घरभेटी हा तिचा मुलूख. बीपीची गोळी आणायला जाऊन तिलाच विचारून परत आलात तर ‘उपकेंद्रात काही मिळत नाही’ असं मत घेऊनच याल.

पाटी कानडीत असते म्हणून अनेकजण बिचकतात. त्यांना एवढंच सांगायचं की हे शब्द मराठीत आणि कानडीत जवळजवळ तेच आहेत. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, समुदाय आरोग्य अधिकारी, सगळं तसंच वाचलं जातं, लिपी तेवढी वेगळी. शेजारच्या शाळकरी पोराकडून एकदा पाटी वाचून घ्या.

शोध सुरू करायचा तो गावातल्या आशा सेविकेपासून. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा असते. तिला तीन गोष्टी विचारा. आपलं घर कुठल्या उपकेंद्राच्या यादीत आहे, सीएचओ ओपीडीला कुठल्या वारी किती वाजता बसते, आणि ती नसते तेव्हा कोण बघतं. तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही आणि नेमका तोच नडतो. ओपीडी बघणारी सीएचओ एकटीच असते. केंद्रातली बैठक, तालुक्याचं प्रशिक्षण, गावभेट, रजा, यातलं काहीही निघालं की दार बंद आणि कुलपावर चिठ्ठीही नाही. पहिला प्रश्नही दिसतो तितका साधा नाही. उपकेंद्र सपाटीवर साधारण ५,००० लोकांमागे आणि डोंगरी भागात ३,००० लोकांमागे एक, असा निकष आहे. पण गावं जोडताना नकाशा बघतात, पायवाट किंवा एसटीचा मार्ग नव्हे. त्यामुळे खानापूर तालुक्यात कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला नाल्यापलीकडचं उपकेंद्र आपलं आणि रस्त्यावरचं दुसऱ्या गावाचं, असं होऊ शकतं. ताप, जुलाब, जखम असेल तर जवळच्या कुठल्याही केंद्रात जा, नाही म्हणता येत नाही. दर महिन्याची गोळी मात्र ज्या रजिस्टरात नाव आहे तिथूनच सुरळीत मिळते.

पहिली भेट बरं असताना द्या. आजारी पडून गेलेल्या माणसाची नोंद घाईत होते आणि अर्धी राहते. वय ३० च्या वर असेल तर आशा एक छापील अर्ज भरते. त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घरातल्या कुणाला बीपी-शुगर आहे का, यांना गुण असतात. चारच्या वर गुण गेले की तपासणीला प्राधान्य. बीपी, शुगर, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी याच योजनेत येते. शेवटच्या दोन तपासण्यांना बायका लाजतात आणि सीएचओही घाईत सोडून देते, तेव्हा आठवण करून द्या. निपाणी पट्ट्यात तर तोंडाची तपासणी सोडूच नये. तंबाखूच्या वखारीत किंवा विडीच्या कामात आयुष्य गेलेल्या, मशेरी लावणाऱ्या बायका ‘आम्ही कुठं तंबाखू खातो’ म्हणतात. सीएचओने टॉर्च घेऊन गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा आणि जिभेखाली बघायला हवं. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला फोड, उभी तीन बोटं मावत नाहीत इतकंच उघडणारं तोंड, यातलं काही दिसलं की रेफरल, म्हणजे मोठ्या दवाखान्यात पाठवणं.

आता ती काम नीट करते का, हे ओळखायचं कसं? पदवीचा कागद मागू नका, बीपी मोजताना बघा. रुग्णाला आल्या आल्या पट्टा बांधला तर आकडा फसवा. पाच मिनिटं बसवायला हवं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक नको. अर्ध्या तासात चहा, विडी, तंबाखू झालेलं नको. दंड उघडा हवा. नऊवारीवरच्या घट्ट चोळीची किंवा सदऱ्याची बाही वर सरकवून तिचा दोरखंड केला आणि खाली पट्टा बांधला, तर आधीच आवळलेला हात यंत्र मोजतं. पट्ट्याचा फुगा दंडाच्या साधारण ८० टक्के घेराभोवती यायला हवा. जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं, मग नको त्या गोळ्या सुरू होतात. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीत. मोजताना कुणी बोलायचं नाही, आणि हे तर उपकेंद्रात सगळ्यात अवघड, कारण रांगेतले चारजण सल्ला देत असतात. एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजायचं. १४०/९० किंवा वर दोनदा आलं तरी त्याच दिवशी ‘तुम्हाला बीपी आहे’ असं ती म्हणत नसेल, दुसऱ्या दिवशी बोलावत असेल, तर ती नीट शिकलेली आहे.

शुगरच्या बाबतीत तर आपल्याच भागातला घोळ आहे. हंगामात गुऱ्हाळावरून, उसाच्या फडावरून किंवा नुसतं केळं खाऊन माणूस येतो आणि त्याच बोटाला सुई टोचतात. बोटावरचा गोडवा थेंबात मिसळतो आणि यंत्र २५० दाखवतं. स्पिरिटचा बोळा फिरवला तरी साखर पुरती जात नाही. साबणाने धुवून, कोरडं करून टोचायचं, पहिला थेंब पुसून दुसरा घ्यायचा. दुसरा घोळ पावसाचा. चाचणीपट्ट्यांची डबी उघडी राहिली की खानापूरच्या पश्चिमेकडच्या दमट हवेत पट्ट्या खराब होतात आणि आकडे भरकटतात. डबीवरची तारीख बघा, झाकण लगेच लावतात का बघा. जेवणाची वेळ न बघता केलेली शुगर १४० किंवा वर आली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात उपाशीपोटीच्या तपासणीसाठी पाठवायचं. उपाशीपोटी १२६ आणि वर हा मधुमेहाचा आकडा, तोही पुन्हा तपासून.

गोळी कोण सुरू करतं, इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे. बीपी-शुगरची पहिली गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर ठरवतो. सीएचओ तीच गोळी दर महिन्याला देते, बीपी मोजते, आकडा आटोक्यात नसेल तर परत डॉक्टरकडे पाठवते. तिने स्वतःच डोस वाढवला नाही म्हणून चिडू नये. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या ३२व्या कलमात अशा मधल्या फळीतल्यांना मर्यादित परवाना देण्याची सोय आहे, पण तीही प्राथमिक व प्रतिबंधक उपचारांतल्या ठरावीक औषधांपुरती, बाकी डॉक्टरच्या देखरेखीखाली. उपकेंद्राच्या औषधयादीत शंभराच्या आसपास औषधं आणि १४ तपासण्या आहेत. यादीत आहे म्हणजे कपाटात आहे असं नव्हे. महिनाअखेरीला साठा संपतो, म्हणून आपल्या गोळ्या संपायच्या सात-आठ दिवस आधी जा. गोव्याला कामाला किंवा ऊसतोडीला जाणार असाल तर निघायच्या आधी तिला सांगा, चिठ्ठी घेऊन जा. आणि गोळ्या पुडीत बांधून नेऊ नका. रिकामं पाकीट न्या, त्यावर औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम असतात. ‘ती पिवळी छोटी’ एवढ्यावर कुणी औषध देऊ नये.

डॉक्टरशी व्हिडिओवर बोलायची ‘ई-संजीवनी’ची सोय तिच्याकडे असते. ती फसते दोन कारणांनी. एक नेटवर्क, त्यावर जांबोटीच्या पुढच्या माणसाला वेगळं सांगायला नको. दुसरं म्हणजे तयारी नसणं. पलीकडे डॉक्टर आल्यावर सीएचओ बीपीचं यंत्र शोधते आणि आजोबा चष्मा. कॉल लावण्याआधी बीपी, नाडी, ताप, ऑक्सिजन, वजन, शुगर कागदावर लिहिलेलं हवं, चालू औषधांची पाकिटं टेबलावर मांडलेली हवीत, तक्रार किती दिवसांची हे ठरलेलं हवं. मग ते काम पाच मिनिटांचं. चिठ्ठी छापून किंवा फोनवर घेतल्याशिवाय उठू नका. आभा क्रमांक (आरोग्याच्या नोंदींचा सरकारी क्रमांक) १४ आकडी असतो, काढला तर जुनी नोंद सापडायला बरं. पण तो ऐच्छिक आहे, नाही म्हणून उपचार अडवता येत नाही.

आणि इंजेक्शन. ‘सिस्टर सुई देत नाही, नुसत्या गोळ्या देते, मग जाऊन उपयोग काय’ हे वाक्य आपल्या भागात देवळाच्या कट्ट्यावरही ऐकू येतं. अंगदुखीला आणि तापाला सुई न देणं हा तिचा दोष नाही, शहाणपणा आहे. ‘शक्तीची’ म्हणून चढवतात त्या ५०० मिलीच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं आणि पाणी. ग्लुकोजच्या ५ टक्क्यांच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे. ज्याला पिता येतं त्याला हे हाताच्या शिरेतून घ्यायची गरज काय? लहान मुलाच्या जुलाबात तर ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच एकदम विरघळवायचं. ते चिमूटचिमूट पेल्यात घालायची सवय मुळावर येते. कमी पाण्यात दाट झालं तर मीठ चढतं, पातळ झालं तर उपयोग नाही. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या. सोबत झिंकची गोळी १४ दिवस, सहा महिन्यांवरच्या मुलाला २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात आणि घरचे झिंकही थांबवतात. सीएचओने १४ दिवसांचं बजावून सांगितलं नसेल तर तो तिचा दोष.

सीएचओकडे जाऊच नये अशाही वेळा आहेत. छातीत कळ येऊन घाम फुटणं, तोंड वाकडं होऊन एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, गरोदर बाईला डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणं किंवा अंगावरून रक्त जाणं. तेव्हा थेट १०८. पक्षाघातात रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यातला एक तास उपकेंद्राच्या पायरीवर घालवायचा नाही. साप चावला तर दंश झालेला भाग हलू न देता बांबूच्या कांबीचा आधार द्यायचा. दोरी आवळणं, चिरणं, मांत्रिक, सगळं टाळायचं. सापाच्या विषावरचं इंजेक्शन उपकेंद्रात नसतं, म्हणून निघतानाच १०८ वाल्यांना कुठल्या दवाखान्यात आहे ते विचारा. कर्नाटकाने २०२४ मध्ये सर्पदंश हा कळवणं बंधनकारक असलेला आजार केला आहे, तेव्हा नोंद झाली का तेही बघा. कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्यात साबणाने पंधरा मिनिटं धुवून मग लशीला जा. आणि लहान मुलाला धाप लागली तर श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, एक ते पाच वर्षांत ४० किंवा त्याहून जास्त, किंवा छातीखाली खळगा पडत असेल, तर थांबायचं नाही.

भाषेचा प्रश्न टाळता येत नाही. बाहेरच्या तालुक्यातून आलेल्या सीएचओला मराठी येत नसेल तर ती चिठ्ठीवर कानडीतच लिहिणार, आणि आजींना ‘बेळिग्गे’ म्हणजे सकाळी आणि ‘ऊटद नंतर’ म्हणजे जेवणानंतर, हे कळायला हवं. ‘खाली होट्टे’ म्हणजे रिकामं पोट. छातीत दुखतं हे ‘एदे नोवु’, दम लागतो तर ‘उसिरु’चा त्रास. ‘रात्री’ आणि ‘ज्वर’ आपल्याही ओळखीचे. तरी डोस भाषेवर सोडू नका, पाकिटावर सूर्य-चंद्राची चित्रं काढून घ्या. यात कुणाचाही अभिमान दुखावत नाही आणि गोळी चुकत नाही. ज्या भागात भाषक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, हे भाषक अल्पसंख्याकांसाठी ठरलेलं जुनं संरक्षण आहे. आरोग्याची सूचना महत्त्वाची नसेल तर कुठली असेल?

सीमेच्या दोन्ही बाजूंना पाय असलेल्या घरांसाठी थोडं वेगळं. महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना महाराष्ट्राचा दावा असलेल्या ८६५ सीमावासी गावांना लागू करण्याची चर्चा आपण खूप ऐकली. ती रुग्णालयात भरती झाल्यावरची योजना आहे. रोजच्या गोळीला, बीपीच्या तपासणीला ती उपयोगी नाही. तिथे आपलंच उपकेंद्र. बाळंतपणाला माहेरी येणाऱ्या लेकीचं मात्र घोटाळ्यात पडतं. कोल्हापूर, चंदगड किंवा गडहिंग्लजहून लेक बेळगावच्या गावी येते, तिकडचं माता-बाल कार्ड सासरीच राहतं. इकडे ‘तायी कार्ड’ (कानडीत तायी म्हणजे आई) नव्याने, आणि रक्तगट, धनुर्वाताच्या सुया, सोनोग्राफी यांची नोंद कोरी. आठव्या महिन्याची वाट न बघता, आल्या आठवड्यात जुनं कार्ड घेऊन सिस्टरला भेटा, त्यावरचा आरसीएच (माता-बाल नोंदणीचा) क्रमांक दाखवा. रक्त तपासून घ्या. गरोदरपणी हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे पांडुरोग, ७ च्या खाली गेलं तर उपकेंद्राचं काम नाही, मोठ्या दवाखान्याचं. लोहाची लाल गोळी चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतली की फुकट जाते, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा. शौच काळं होतं, ते घाबरण्यासारखं नाही. क्षयाचा रुग्ण दुसऱ्या राज्यात गेला तरी निक्षय क्रमांक (क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणीचा) तोच चालतो, औषध खंडित करू नये.

घरी येणारी खासगी परिचारिका हवी असेल तर कर्नाटक राज्य परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. एएनएम, जीएनएम की बी.एस्सी., हेही विचारा. मलमपट्टी, लघवीची नळी, इन्सुलिन डॉक्टरच्या चिठ्ठीप्रमाणे, एवढं ती करू शकते. स्वतःच निदान करून गोळ्या-सुया सुरू करणारीला दारातूनच परत पाठवा. खासगी दवाखान्यात गेलात तर राज्याच्या २००७ च्या खासगी वैद्यकीय संस्था कायद्याखालचं नोंदणीपत्र भिंतीवर दिसायला हवं. बेळगाव शहरातल्या सरकारी ‘नम्मा क्लिनिक’मध्ये एमबीबीएस डॉक्टर बसतो, शहरवासीयांनी तेच आधी बघावं.

शेवटी ज्यांच्या हाती पाटी रंगवणं आहे त्यांच्यासाठी. प्रत्येक आरोग्य मंदिराला एक जनआरोग्य समिती असते. ग्रामपंचायतीचा अध्यक्ष तिचा प्रमुख, सीएचओ सदस्य-सचिव, आणि उपकेंद्राला वर्षाला ५० हजारांचा मुक्त निधी. खर्चाचा हिशेब ग्रामसभेत मागता येतो. त्यातून पहिलं काम म्हणून दारावर दोन्ही भाषांत पाटी रंगवावी. सीएचओचं नाव, कुठल्या वारी किती ते किती, ती नसेल तेव्हा कुठे जायचं, जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किती किलोमीटर, १०८ आणि १०४ (आरोग्य सल्ल्याचा फोन), आणि खाली एका ओळीत या महिन्यात कुठली गोळी संपली आहे. ती शेवटची ओळ खडूने लिहावी, दर सोमवारी पुसून पुन्हा.

आपले,
सीमाभागात उपकेंद्रांवर काम केलेल्या काही निवृत्त आरोग्यसेविका
खानापूर - बेळगाव - निपाणी